निऱ्यांच्या हॉलचे ठसे

गेल्या जानेवारीत आमच्या सोसायटीतली तीन कुटुंबं कोकणात गेली, एक राजस्थानला गेलं, आणि आम्ही दोघं नवरा-बायको बीड जिल्ह्यात एक इमारत बघायला गेलो. ती इमारत दोन वर्षांपूर्वीच पाडलेली होती. परत आल्यावर सगळ्यांनी आपापले फोटो दाखवले. आमच्याकडे फोटो नव्हते, मोठाले कागद होते. ज्यांनी ते पाहिले त्यांनी विचारलं, "हे नक्की काय आहे?" त्याचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी माणसं सांगतो. माझी बायको सुमन नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मी एका कारखान्यात उत्पादनखर्चाचे हिशेब बघतो. चित्रातलं मला फारसं कळत नाही. कागद किती वाया गेला, ते मात्र लगेच कळतं. सुमनचं माहेर तेलगावहून थोडं आत, एका मोठ्या गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे निवडणुका होतात आणि माझे मेहुणे त्या लढवतात. सुमन त्यांना दादा म्हणते, बाकी गाव नाना म्हणतं.

त्या गावात बाजाराच्या आवारात लिलावाचा एक हॉल होता. सुमनच्या जन्माआधी मुंबईहून आलेल्या कुणा तरुण आर्किटेक्टने बांधलेला. त्याचं छत सपाट नव्हतं. साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा काँक्रीटच्या घड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या, आणि मध्ये एकही खांब नाही. बाजूच्या भिंती विटांच्या नव्हत्या. पाकळ्यांच्या नक्षीच्या, सिमेंटच्या चौकोनी जाळ्या एकावर एक रचलेल्या, त्यातून वारा आणि ऊन आत यायचं. बायका त्याला निऱ्यांचा हॉल म्हणत, मग सगळेच म्हणू लागले. तिथे कापसाचे लिलाव होत, लग्नं होत, आणि दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या बोचकी घेऊन ट्रकची वाट बघत तिथेच टेकत. शाळेत असताना सुमन दुपारी तिथे जाऊन फरशीवर पडलेल्या जाळ्यांच्या सावल्या खडूने गिरवायची. तिची चित्रकला तिथे सुरू झाली, असं ती म्हणते.

अलीकडे छताच्या ढलप्या पडू लागल्या होत्या, गज उघडे पडले होते. पाडायच्या ठरावावर नानांची सही आहे. दुरुस्तीचा अंदाज मी नंतर मागवून स्वतः तपासला. आकडे नानांच्या बाजूने होते. हे मी सुमनला सांगितलं, ते सांगायला नको होतं असं आमच्या घरात ठरलेलं आहे. पण तिचा राग पाडल्याचा नव्हताच. "एक फोन करायचा होता," ती म्हणायची. "मी एकदा येऊन बघितला असता." तिला कळलं ते व्हॉट्सॲपवर आलेल्या जेसीबीच्या व्हिडिओवरून. त्यानंतरच्या दोन्ही भाऊबीजांना ती माहेरी गेली नाही. नानांचे फोन मी घ्यायचो आणि "ती शाळेत आहे" म्हणायचो, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा.

दरम्यान नाशिकच्या एका कलादालनाने मार्चसाठी तिला एक भिंत देऊ केली. तिने हॉल आठवून चित्रं काढली आणि एकेक करून फाडली. "आठवणीतली इमारत फार नीटनेटकी येते," ती म्हणाली. "मला तिचा खडबडीतपणा पाहिजे." शेवटी एका रविवारी तिने कागदाच्या गुंडाळ्या गाडीत ठेवल्या. चित्रं तिथेच काढायची, आधी गावाला दाखवायची. गावाला त्यात हॉल दिसला तरच नाशिकला लावायची, असा तिचा निश्चय. मला वेगळीच काळजी होती. गावात जाऊन ही सख्ख्या भावाला न भेटता परतली, तर पुढे ते दार उघडणं अवघड होतं.

आष्टी

नगर सोडून आष्टीला चहाला थांबलो. इथून पुढे हिची भाषा बदलते. नाशिकमध्ये 'खूप' म्हणणारी बाई आष्टीच्या स्टँडवर 'लई' म्हणते, आणि तिच्या चेहऱ्यावरची मास्तरीण उतरते. चहावाल्याने गाडीतल्या गुंडाळ्या बघून विचारलं, "कुणीकडं?"

"तेलगावकडं. एक इमारत बघायला," मी म्हणालो.

"कोणती?"

"पाडली ती."

त्याने गाळणी झटकली. "मंग लई उशीर केला की तुमी."

सुमन हसली, आणि हसता हसताच मला म्हणाली, "दादाच्या घरी उतरायचं न्हाई. शकूकडं उतरायचं."

आमच्या नाशिककडे पाहुणे लॉजवर उतरले तर यजमानांना बरंच वाटतं. इथे मुलगी माहेरच्या गावात येऊन दुसऱ्याच्या घरी उतरली, तर ती बातमी होते. मी चहा संपवला आणि गाडी काढली.

किती नेल्या?

शकू म्हणजे शकुंतला, सुमनची बालमैत्रीण. तिची पिठाची गिरणी आहे. आम्ही पोचलो तेव्हा तिने पट्टा थांबवला, पिठाने पांढरे झालेले हात तसेच सुमनच्या गळ्यात टाकले, आणि हिच्या निळ्या कुर्त्यावर दहा बोटं उमटली. तो कुर्ता अजून धुतलेला नाही.

हॉलच्या जागी आता दुमजली व्यापारी संकुल आहे. खाली गाळे, वर गाळे, शटर्सना राखाडी रंग. बरेच गाळे अजून रिकामे. सुमनने त्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. मग तिने शकूला विचारलं, "जाळ्या कुठं गेल्या गं?"

"जातेत कुठं? गावात हायेत."

आमच्याकडे पाडकामातला माल भंगारवाला नेतो. इथे तसं झालं नाही. लोखंड ठेकेदाराने नेलं. जाळ्यांचा ढीग उरला, तो लोकांनी नेला. गावाची इमारत, त्यात गावाचा वाटा, असं शकूचं सरळ म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही शकूबरोबर गल्लीगल्लीने फिरलो आणि मला तो हॉल खरोखर दिसू लागला. एक जाळी तुळशीखाली होती. दोन आडव्या लावून त्यावर रांजण ठेवला होता. एक कोंबड्यांच्या खुराड्याची खिडकी झाली होती, एक न्हाणीत पाय घासायला होती. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. पण कुलपाबाहेर ओट्याच्या पायरीत जाळी बसवलेली.

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नाणं उमटायचं, तसे त्या जाळ्यांचे ठसे सुमनला कोळशाने घ्यायचे होते. कागद धरायचं काम माझं. पण मला नुसतं धरवेना. खिशातला टेप काढून मी जाळ्यांची मापं वहीत टिपू लागलो. एकाच साच्यातल्या असून आता त्या सारख्या राहिल्या आहेत का, ते मला बघायचं होतं. आणि प्रत्येक घरी मी अगदी सभ्यपणे विचारत होतो, "तुम्ही किती नेल्या?"

दुपारनंतर जाळ्या दिसेनाशा झाल्या.

रांजणाखालच्या दोन्हींवर पोतं पडलं. खुराड्याच्या खिडकीवर गोवऱ्या थापल्या गेल्या. गयाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई अंगणात जाळीवरच बसून होत्या, लुगड्याचा घोळ चारी बाजूंनी नीट पसरलेला.

"मावशी, जरा उठतीस का?" सुमनने विचारलं.

"गुडघे धरलेत माय."

"सकाळी तर शेतात गेलतीस."

"तवाच धरले."

मला अजूनही काही उमगलं नव्हतं. शकू पोट धरून हसू लागली, तेव्हा कळलं. शहराची गाडी, हातात टेप, खिशाला पेन, आणि 'किती नेल्या' हा प्रश्न. सगळ्या गावाने मला वसुलीचा साहेब ठरवलं होतं.

"तुमची वही बंद," सुमन म्हणाली. मी केली.

नाना येतात

संध्याकाळी गिरणीसमोर नानांची गाडी थांबली. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"सुमे, बापाच्या गावात येऊन लोकाच्या घरी उतरलीस. मला चार जणानं इचारलं."

आतून शकू ओरडली, "मी लोक हाय का नाना? इलेक्शनला तर बहीण म्हणता!"

नानांनी तिकडे लक्ष न देता माझ्याकडे मोर्चा वळवला. बहिणीला बोलता येत नसलं की दाजी असतोच. "अन् दाजी, तुमी हो? टेप घेऊन पंचनामा करायलात म्हणं. पाडकामाची चौकशी लागली म्हणून गावभर झालंय. विरोधकांनी पेढे वाटायचे तेवढे राहिलेत."

मी सगळं सांगितलं. ते हसले. "एवढंच ना? सकाळी सगळ्यांना सांगतो, आपापल्या जाळ्या काढा म्हणून."

"तू सांगू नगंस," सुमन म्हणाली. "तू सांगितलंस तर रातोरात इहिरीत टाकतेल."

त्यावर गिरणीतल्या बायकासुद्धा हसल्या. नानांचं हसू मात्र मावळलं. "इमारत पडायलाच आली होती, सुमन. कुणाच्या डोक्यावर पडली असती तर?"

"पाडली म्हणून मी बोलले का कधी? कळवलं कावून न्हाईस, ते सांग."

"घाई झाली."

"फोन लावायला?"

नाना गाडीत बसले. काच खाली करून मला म्हणाले, "घरी येसराची आमटी केलीय, दाजी." गाडी गेली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. लग्नाकार्याला त्याची आमटी करतात. एरवी सहसा करत नाहीत. नानांच्या घरी ती कुणासाठी शिजली होती, हे सुमनला माझ्याआधी कळलं. ती हात धुवायला गेली.

गिरणीपुढे

दुसऱ्या दिवशी सुमनने कुणाच्याही दारात जायचं बंद केलं. गिरणीच्या पायरीला शकूने बसवलेली एक जाळी होती. तिच्यापुढे ही मांडी घालून बसली, कागद अंथरला आणि कोळसा आडवा धरून घासू लागली. डबे घेऊन दळणाला आलेल्या बायका भोवती उभ्या राहिल्या. आधी नुसता काळा पट्टा दिसत होता. मग त्यातून जाळीची पाकळी वर आली, मग फुटलेला कोपरा, मग सिमेंटमधले वाळूचे दाणे.

"अगं माय! निघाली की!"

"शकूचीच हाय. कोपरा बघ, मी नेताना फुटलाता."

"तू कशाला नेलतीस शकूची?"

यावर जरा भांडण झालं. ते मिटायच्या आत एक बाई घरी जाऊन आपली जाळी डोक्यावर घेऊन आली. मग दुसरी आली. दुपारी गयाबाई दोन्ही हातांनी जाळी छातीशी धरून गल्लीतून येताना दिसल्या.

"गुडघे बरे झाले का मावशी?" मी विचारलं.

"तुमी टेप ठिवला की झाले."

मी दिवसभर कागद धरला. ऐकायला सोपं वाटतं. पण केसाएवढा कागद सरकला तरी ठसा दुहेरी होतो. सुमनचा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता इतका ठाम होता: "डावा अंगठा. दाबा. सोडू नका." पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या आणि शाळेत चित्रकलेचा तास कायम गणिताला देऊन टाकावा लागणाऱ्या या बाईच्या भोवती अख्खी गल्ली श्वास रोखून उभी होती. मला अभिमान वाटला, हे लिहायला मला संकोच नाही. मी आजवर ज्या कामांचे हिशेब तपासले, त्यांतल्या एकाही कामाकडे माणसं अशी बघत उभी राहिली नव्हती.

मधल्या एका दिवशी शकूच्या दिराने शेतात हुरड्याला नेलं. आमच्याकडे हुरडा पार्टीची आधी नोंदणी करावी लागते. इथे बांधावरून जाणाऱ्यालाही "या की" म्हणतात आणि तो येऊन बसतो. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून, हातावर चोळून दाणे समोर टाकले जातात. बरोबर शेंगदाण्याची चटणी. मी भरपूर खाल्ला. सुमन कोळशाच्या हातांनीच खात होती, तिचे दाणे काळे. "चव येती," ती म्हणाली.

ठसे झाल्यावर तिने शकूच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट गच्चीवर, चार मोठे कागद एकमेकांना जोडले आणि खरं चित्र सुरू केलं. मला वाटलं होतं ती आता हॉल काढेल. तिने तसं काही केलं नाही. छताच्या घड्यांच्या जागी तिरप्या रेघा आल्या, एकीला टेकून दुसरी, काही जाड, काही मध्येच तुटलेल्या. ठशांतल्या पाकळ्या, तडे, फुटके कोपरे समोर ठेवून तिने ते कडेकडेने पुन्हा कोळशाने उतरवले, कुठे दाट, कुठे विरळ. भिंत नाही, छप्पर नाही, माणूस नाही. मधोमध मोठी जागा कोरी.

"दार कुठे आहे यात?" मी विचारलं.

"तुम्ही उभे आहात तिथे."

मी नकळत बाजूला झालो.

गाळा

आता दाखवायचं कुठे, हा प्रश्न होता. संकुलातले रिकामे गाळे उत्तम होते, पण त्यांच्या किल्ल्या नानांकडे. सुमन मागायला जाणार नव्हती. आम्ही गिरणीच्या भिंतीवरची कॅलेंडरं काढायला घेतली, तेवढ्यात नानांच्या घरून वहिनी आल्या. एका हातात येसराच्या आमटीचा डबा, दुसऱ्या हातात किल्ली.

"दादानं पाठवलीय का?" सुमनने विचारलं.

"डबा मी आणलाय," वहिनी म्हणाल्या. "किल्ली त्यांची हाय."

आमटी जरा तिखट होती आणि फार उत्तम होती. सुमनने दोनदा वाढून घेतली. किल्ली तिने जेवण होईपर्यंत ताटाशेजारी ठेवली आणि मग कमरेला खोचली.

चित्र लावायला शकूच्या दिराने मदत केली. संध्याकाळी शटर वर गेलं आणि माणसं येऊ लागली. पहिले पुरुष आले.

"नकाशा हाय का बे?"

"सातबारा असंल."

"उलटा लावलाय का बगा."

"नानाचा एक्स-रे हाय!"

सुमन कोपऱ्यात उभी होती. या माणसांना काही दिसलं नाही तर ती हे सगळं गुंडाळून परत नेणार होती आणि मार्चची भिंत रिकामी राहणार होती.

एक म्हातारे आडते बराच वेळ काठी टेकून उभे होते. त्यांनी काठीने तिरप्या रेघांच्या उजव्या टोकाकडे दाखवलं. "इथं पाणी गळायचं," ते म्हणाले. "मी गादी सरकवून हिकडं बसायचो."

"न्हाई तात्या, तुमी तर पलीकडं."

"पलीकडं कापूसवाले बसायचे बे! तुला काय ठावं, तू बायकोच्या वरातीतच आत आलास."

मग जो तो बोटं दाखवू लागला. ट्रक कुठे लागायचा, लग्नाचं बोहलं कुठे असायचं, टोळीच्या बायका कुठे चुली मांडायच्या. त्या रेघांत ते बसत होते, उठत होते, एकमेकांना सरकवत होते. उलटा-सुलटा हा विषयच मागे पडला.

बायका आल्या त्या आपापला वाटा शोधत. "मपली जाळी कुठंय?" गयाबाईंनी विचारलं. नावं लिहिलेली नव्हती, आकडे घालायला मला मनाई होती. पण सुमन न अडखळता बोट ठेवत गेली: ही गयाबाईंची, हिच्यात गवताची काडी अडकलेली होती, ही खुराड्याची, ही शकूची. एकही चुकली नाही. एकीने तक्रार केली, "मपली कडंला कावून? गयाची तर मोठी काढलीस." सुमनने तिला सांगितलं, कडेच्या जाळीतूनच ऊन आत यायचं. ती बाई समाधानाने मागे सरकली आणि पुढचा बराच वेळ आपल्या जाळीशेजारी उभी राहिली.

नाना सर्वांत शेवटी आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मागून कुणीतरी विचारलंच, "नाना, तुमची कुठंय हो?"

"आपण एक काडी उचलली न्हाई," नाना म्हणाले. खरं होतं ते. विरोधकांना बोलायला जागा नको म्हणून त्यांनी त्या ढिगाला हातही लावला नव्हता, आणि याचा त्यांना गर्व होता. पण हे बोलून ते पुन्हा चित्राकडे वळले आणि बघतच राहिले. बाकी सगळ्यांचं काही ना काही त्यात होतं.

"दादा," सुमन म्हणाली, "ती मधली कोरी जागा तुझी."

मी जमिनीकडे बघू लागलो. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"लई मोठी दिली की, सुमे."

"छत लई मोठं होतं, दादा."

मग ते म्हणाले, "फोन करायला पायजे होता." मोठ्याने म्हणाले, बाहेरच्यांनाही ऐकू गेलं. त्यांना हळू बोलायची सवय नाही.

सुमनने डोळे पदराऐवजी मनगटाने पुसले, त्यामुळे गालावर कोळसा लागला. नाना तिच्या गालाकडे बघून म्हणाले, "चल जेवायला. तोंड धू आधी."

"पिशवी शकूकडं हाय. घेऊन येते."

"तू कशाला? दाजी आणतेल की."

मी पिशवी आणायला निघालो. दारात एक पाहुणा गयाबाईंना विचारत होता, हे गृहस्थ कोण. "वसुलीचे साहेब न्हाईत बरं का," गयाबाई म्हणाल्या. "चित्रवाल्या सुमनचे मालक हायेत. कागद धरतेत."

त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.